फाटकापर्यंत

मे महिन्यात भुसावळात सरस सुटतो.
ऊर्वी फिरके आली भर दुपारी दोनला,
ओल्या टॉवेलात गुंडाळलेली गिटार घेऊन,
तापलेलं पोर दवाखान्यात आणावं तशी.
सपाट पोटाची, मधे गोल तोंड,
घोडी एका कडेनं नखभर उचललेली.

सरस भरला, शिकंजे आवळले,
उद्या ये म्हटलं. ती हलेना.
भिंतीवर सिरिलची टांगलेली.
सिरिल मालगाडीचा गार्ड. इन्स्टिट्यूटात
शनिवारी नाच असायचे, तेव्हा हा
ट्रम्पेटच्या मागच्या खुर्चीत, माइकशिवाय.
पर्थला जाताना म्हणाला, ठेव, येतो परत.
एक पत्र आलं. त्यात तिकडच्या थंडीबद्दल होतं.

"हिचं पोट का फुगलंय?"
फुगलं नाही, कोरलंय.
जाड फळी, पटाशीनं आतून-बाहेरून,
मधे उंच, कडेला उतार.
मांडे करायचं खापर पाह्यलंय ना, चुलीवर पालथं?
तसं. तोंडही गोल नाही,
व्हायोलिनसारख्या दोन चिरा.
सिरिल आर्चटॉप म्हणायचा.
तुझी म्हणजे तवा.

दुसऱ्या दिवशी दोघींवर
एकाच मापाच्या तारा चढवल्या.

आधी तिची.
जाड तार नुसती सोडली आणि खोली भरली.
तापीच्या डोहात दगड पडावा,
वर्तुळं काठाला लागून परत यावीत.
पुढचा सूर दारात आला तरी मागचा उठेना,
जेवण झालेल्या पाहुण्यासारखा. लांब आस.
कानावर माझा भरवसा नाही,
लोकोशेडची चौतीस वर्षं भरलीत तिथं,
बारीक सूर उजवीकडून येतच नाहीत.
गिटारीचं डोकं दातांत धरलं.
दाढेतून छातीत उतरला आवाज,
कळण्याच्या भाकरीसारखा, गरम, जड.

मग सिरिलची.
टक्.
तुरकाटी मोडावी तसा.
येतो, कामाचं बोलतो, निघून जातो,
मागे धूरसुद्धा नाही.
दाताला काही लागेना,
थोडी नाकात बोलते, एवढंच.
ऊर्वीनं तोंड वाकडं केलं.
"यात गोडवाच नाही, बाबा. डबा वाटते."
खोलीत डबाच वाटते, म्हटलं.
"मंग कोनती चांगली?"

मी म्हटलं, रस्त्यावर जा.

शेवभाजीवाल्याचा स्टोव्ह, रिक्षा,
यार्डात शंटिंग. मी वर खिडकीत.
तिनं तिची वाजवली, चालत चालत.
रसवंतीच्या घुंगरांपर्यंत ऐकू आली.
पुढे पाण्यात साखर विरावी तशी
रस्ता गोड झाला, साखर दिसेना.

परत आली, सिरिलची घेऊन गेली.
रसवंती गेली. सलून गेलं.
केळीचे ट्रक उभे राहतात ती भिंत गेली.
मी खिडकीतून हात केला, अजून. अजून पुढे.
फाटकाशी पोचली, करंगळीएवढी.
तेवढ्यात मालगाडी आली,
अठ्ठावन्न डबे, मोजायची जुनी खोड,
आणि दोन डबे जोडलेले असतात
तिथल्या फटीतून यावं तसं
टक्. टक्. टक्. टक्.
माझ्या उजव्या कानात.

सूर कोणता, कळलं नाही.
एवढंच, की मागच्या खुर्चीत कुणी आहे
आणि पायांना चुकू देत नाही.

शेवटचा डबा गेला. हिरवी बत्ती दाखवायला
त्यात कुणी नव्हतं, आता नसतंच.

ऊर्वी वर आली, घामानं निथळत.
"आलं का ऐकू?"

घोडीचे दीडशे झाले, म्हटलं.
आणि ही ने आठ दिवस.
खोलीत वाजवू नको.